आधी आमच्या गॅरेजात या, साहेब

मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, चिकोडी यांस,


साहेब, तुमच्या कार्यालयात अर्ज कन्नडमध्ये द्यायचा असतो, आणि तो मी देतोच. हे पत्र अर्ज नव्हे. चिकोडी, सदलगा, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातली गाडीवाली पोरं, त्यांचे वडील आणि माझ्यासारखे गॅरेजवाले यांच्याही नजरेखालून ते जावं, म्हणून मराठीत आणि उघड लिहितो आहे.

विषय सायलेन्सरचा. बुलेटच्या ‘पंजाब’ आणि ‘इंदोरी’ सायलेन्सरवर बोलून सगळे दमले. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले, त्याचे व्हिडिओ आपल्याकडच्या मोबाइलवर फिरले, आणि बुलेटी अजून वाजतातच. आता हे लोण चारचाकीत उतरलंय. नंबर केए-२३ असो की एमएच-०९, तऱ्हा एकच. जुनी स्विफ्ट किंवा पोलो घ्यायची, मागचा डबा कापून टाकायचा, तिथं चकचकीत स्टीलचं रुंद तोंडाचं नळकांडं बसवायचं, आणि कॉलेज सुटायच्या वेळेला गावातून दोन चकरा मारायच्या. तुमची माणसं आणि पोलीस मधूनमधून मोहीम काढतात, दंड करतात. पोरगं दंड भरतं आणि चार दिवसांनी पुन्हा वाजवत फिरतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. रस्त्यावर पोराला धरून अर्धंच काम होतं. सायलेन्सर जिथं कापला गेला, त्या गॅरेजात या. आणि येताना कानावर विसंबू नका, मीटर घेऊन या. असं का म्हणतो ते सांगायचं तर आधी थोडं नळीत शिरावं लागेल.

इंजिनातून धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्यानं येतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला २४०० फेरे धरा, म्हणजे हायवेवर निवांत चाललेली गाडी. तिच्या नळीत सेकंदाला ८० धक्के बसतात, आणि गाडीच्या आवाजाचा मूळ सूर तोच. तीन सिलिंडरच्या गाडीत तेवढ्याच फेऱ्यांना ६० धक्के होतात, म्हणून ती जाड, घरघरत्या आवाजात बोलते. गाडीचा गळा असा सिलिंडरांच्या संख्येवर आणि ते कुठल्या क्रमानं पेटतात यावर ठरलेला असतो. चार सिलिंडरच्या स्विफ्टला कसलाही पाइप लावला तरी ती व्ही-एट होत नाही, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा सांगतो. त्याला ते आवडत नाही.

या धक्क्यांच्या वाटेवर कंपनीनं तीन-चार मुक्काम ठेवलेले असतात. इंजिनाला लागून मॅनिफोल्ड, त्यापाठोपाठ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मध्ये रेझोनेटर आणि शेवटी मोठा डबा, ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो. डब्याच्या आत कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. आवाजाची लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना आपटते, उलटी फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला खाऊन टाकते. दुसऱ्या जातीच्या डब्यात भोकं पाडलेल्या सरळ नळीभोवती काचेच्या तंतूंचं पॅकिंग असतं, ते आवाज शोषून घेतं. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंना इंजिनाच्या मफलरचं पेटंट १८९७ मध्ये मिळालं. तेव्हा मोटारी दुर्मीळ होत्या, पण लोकांचे कान तितक्यातच किटले होते.

आता मागचा डबा काढला की काय होतं? गावात गाडी जोरात वाजते, पोरगं खूश होतं. मग ते घरच्यांना घेऊन कोल्हापूरला निघतं. कोगनोळीचा नाका ओलांडून गाडी एका वेगाला स्थिर झाली की तो ८०च्या आसपासचा सूर डब्यात अडत नाही. गाडीच्या आतली मोकळी हवाही त्याच सुराला साथ देते आणि सगळी केबिन घुमायला लागते. काचा चढवल्या तर आणखी घुमते. आमच्या धंद्यात याला ‘ड्रोन’ म्हणतात. कोल्हापूर येईपर्यंत आईचं डोकं दुखायला लागतं. ड्रोनवर इलाज आहे. मुख्य नळीला एक बंद टोकाची आडवी नळी जोडायची, जिची लांबी त्या सुराच्या लाटेच्या पाव असेल. गरम धुरात आवाज सेकंदाला सुमारे ५०० मीटर जातो असं धरलं, तर ८०च्या सुरासाठी ती नळी दीड मीटरच्या आसपास भरते. ती जोडली की नेमका तेवढाच सूर मरतो आणि बाकीचा आवाज राहतो. पण हे गणित करून, गाडीखाली जागा शोधून, वेल्डिंग करून देणारा माणूस आपल्या भागात शोधावा लागतो. डबा कापून पाइप चिकटवणारे मात्र कुठंही सापडतात.

मला हे सांगायचंय की गाडीचा आवाज घडवणं ही कारागिरी आहे आणि तिचा मला आदर आहे. लेक्ससनं एलएफए नावाची गाडी काढली तेव्हा तिचा आवाज जुळवायला वाद्यं बनवणाऱ्या यामाहाची माणसं बसवली होती. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना जसा एकेका दोऱ्यासाठी खोळंबतो, तसं ते काम. उलट बीएमडब्ल्यूनं २०११च्या एम-फाइव्हमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत ऐकवला आणि शौकिनांच्या शिव्या खाल्ल्या. मला विचाराल तर ती कल्पना वाईट नव्हती. ज्याला आवाज हवा त्यानं तो ऐकावा, शेजारच्याची झोप कशाला मोडावी?

आता ताकदीचं. पोरांना खरं विकलं जातं ते हेच: “पाइप मोकळा केला की गाडी पळते.” यात खरं किती?

जुनी समजूत अशी की इंजिनाला थोडं ‘बॅक प्रेशर’ लागतंच. ते काही खरं नाही. धुराला मागून अडवणारा दाब इंजिनाच्या कुठल्याच कामाचा नसतो. इंजिनाला हवा असतो तो धुराचा वेग. एका सिलिंडरचा धूर वेगानं बाहेर पडला की मागं कमी दाबाची पोकळी सोडतो, ती पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून काढते आणि आत नव्या हवेला जागा होते. नळी फार रुंद केली तर धूर तिच्यात रेंगाळतो, वेग मरतो आणि ही ओढ जाते. जास्त फेऱ्यांना रुंद नळी बरी पडते, कमी फेऱ्यांना अरुंद. कंपनीनं तुमच्यामाझ्या रोजच्या चालीसाठी मधला मार्ग काढलेला असतो.

निपाणीजवळचा तवंदी घाट घ्या. भरलेली गाडी, एसी चालू, पुढं उसाचा किंवा सिमेंटचा ट्रक. तिथं इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर ओढत असतं. तिथं टॉर्क लागतो, सहा हजार फेऱ्यांवर मिळणारी दोन अश्वशक्ती नव्हे. साध्या १.२ लिटर पेट्रोल गाडीत मागचा भाग बदलून फार तर दोन-तीन अश्वशक्ती मिळाली तरी नशीब, आणि तीही वरच्या फेऱ्यांना, जिथं आपली गाडी महिन्यातून एखादेवेळी जाते. नळी वाजवीपेक्षा रुंद असेल तर घाटात गाडी आधीपेक्षा जड वाटते. मग पोरगं गिअर खाली टाकतं, फेरे वाढतात, आवाज वाढतो आणि त्याला वाटतं गाडी पळतेय. मायलेज पडतं ते वेगळंच.

टर्बो गाडीची गोष्ट वेगळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. टर्बाइनच्या पुढं धुराला जितकी मोकळी वाट, तितका टर्बो लवकर फिरतो. डाउनपाइप बदलून कॉम्प्युटरचं रीमॅपिंग केलं तर ताकद खरोखर वाढते, अंगाला जाणवेल इतकी. मात्र बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच डाउनपाइपमध्ये असतो, म्हणजे ही ताकद सहसा तो काढून घेतलेली असते. त्या कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो आणि तो कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निरुपद्रवी करतो. आपल्या देशात तो १९९५ च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत आला, शिसं नसलेल्या पेट्रोलसोबत. बीएस-सिक्सच्या डिझेल गाडीत काजळी धरणारा फिल्टरही असतो, तोही अशाच हौसेपायी कापला जातो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर जे ‘फटाके’ फुटतात, ते तर इंजिनाबाहेर, नळीत पेट्रोल जाळण्याचा प्रकार आहे. पैसे देऊन पेट्रोल वाया घालवायचं आणि कन्व्हर्टर शिल्लक असेल तर तोही जाळायचा. याला ट्यूनिंग म्हणतात!

साहेब, हे सगळं तुम्हाला ऐकवण्याचं कारण असं की कारवाई करताना तीन वेगवेगळ्या गाड्या एकाच पावतीत बसवल्या जातात. एक, हौसेनं डबा कापलेली. दोन, कन्व्हर्टर काढलेली, जी कदाचित फार वाजतही नसेल पण विष ओकते. आणि तीन, एखाद्या शेतकऱ्याची किंवा शिक्षकाची जुनी गाडी, जिचा सायलेन्सर गंजून फुटलाय. ही तिसरी गाडी नीट समजून घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. घर ते शाळा, घर ते कारखाना अशा छोट्या फेऱ्यांत डबा पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. अशा माणसाला आठ दिवसांची मुदत द्या, तो दुरुस्त करून दाखवेल. कानाला पहिली आणि तिसरी सारखीच वाजतात, दुसरी कळतच नाही. नुसत्या कानानं निवाडा केला तर शिक्षकाला दंड होतो आणि कन्व्हर्टर काढलेला सुटतो.

पीयूसीवर भरवसा ठेवावा म्हटलं तर तिथं आवाज मोजतच नाहीत. पेट्रोल गाडीचे वायू आणि डिझेल गाडीचा काळा धूर, एवढंच पाहतात.

आवाजाची मर्यादा मात्र कागदावर स्पष्ट आहे. एप्रिल २००५ पासून प्रवासी कारला ७४ डेसिबल, १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला ८०. डेसिबलचा हिशोब साधा बेरजेचा नसतो. दहा वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ७४ ची गाडी ९४ वर नेली तर ऊर्जा शंभरपट. पण ही मर्यादा कंपनीच्या नव्या गाडीची आहे, साडेसात मीटरवरून, मोकळ्या चाचणीपथावर मोजलेली. ती चाचणी चिकोडीच्या बसस्टँडसमोर होणार नाही, हे मलाही कळतं. उभ्या गाडीची मोजणी मात्र होऊ शकते, आणि तिची पद्धत भारतीय मानकात दिलेली आहे. नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरायचा आणि इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर न्यायचं. माझी सूचना साधी आहे. आपल्याकडे जास्त चालणाऱ्या दहा-बारा मॉडेलच्या, कंपनीचा सायलेन्सर शाबूत असलेल्या गाड्या तुमच्या अंगणात एकदा अशा मोजून घ्या आणि ते आकडे भिंतीवर लावा. मग संशयित गाडी आली की तिच्याच मॉडेलच्या आकड्याशी ताडून बघा. पोरगंही वाद घालणार नाही आणि हवालदारालाही वाद घालावा लागणार नाही. फ्रान्सनं २०२२ मध्ये रस्त्याकडेला आवाज टिपणारी रडार-यंत्रं तपासायला घेतली. आपल्याला तेवढ्या खर्चाची गरज नाही.

आता कायदा. पोरांनो, तुम्हीही हे वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे केरळातल्या एका प्रकरणात ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दात आणखी धारदार केले. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवली तर कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स बाद. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली दर बदलामागं पाच हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं फारसं कुणी बोलत नाही. त्याच १८२अ च्या पहिल्या पोटकलमात गाडी नियमाविरुद्ध बदलून देणाऱ्या डीलरला वर्षापर्यंत कैद किंवा दर गाडीमागं एक लाख रुपये दंड सांगितलाय. आणि डीलर कोण? कायद्याच्या कलम २ मधली व्याख्या बघा, तीत गाड्या दुरुस्त करण्याचा धंदा करणाराही येतो. म्हणजे मी येतो. आमच्या निपाणी-मुधोळ रस्त्यावरचा प्रत्येक गॅरेजवाला येतो. प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, हे केंद्रीय नियम १२० म्हणतो. तो कापून देणारा हात गॅरेजवाल्याचा असतो. पोराला पाच हजार आणि आम्हाला लाख, असा हिशोब संसदेनं मांडून ठेवलाय. तरी मोहीम निघते ती पोरावर.

धंद्यातले भाऊबंद माझ्यावर चिडतील. चिडू देत. एक गॅरेज महिनाभरात किती गाड्या ‘मोकळ्या’ करू शकतं याचा अंदाज करा, आणि त्या सगळ्या गाड्यांमागं रस्त्यावर धावायचं की एका दारात जायचं, हे तुम्हीच ठरवा. जो नीट काम करतो, म्हणजे फुटलेल्या डब्याजागी मूळ मापाचा डबा बसवतो, त्याला या तपासणीची भीती असायचं कारण नाही. उलट आज त्याचंच नुकसान होतंय. डबा कापायला त्यानं नकार दिला की गिऱ्हाईक शेजारच्या शटरात जातं.

सीमेचीही एक अडचण आहे. आपल्याकडची पोरं काम करून घ्यायला कोल्हापूर-इचलकरंजीला जातात, तिकडची इकडं येतात, आणि माल कुरिअरनं घरपोच येतो. केंद्राचा कायदा नाक्याच्या दोन्ही बाजूंना एकच आहे. तेव्हा कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयाला तुम्ही एक पत्र लिहावं आणि दोन्हीकडची तपासणी एकाच आठवड्यात ठेवावी. भाषेच्या आणि हद्दीच्या भांडणांत आपला भाग पुष्कळ झिजलाय. निदान सायलेन्सरवर तरी दोन्ही राज्यांचं एकमत व्हायला हरकत नसावी.

आणि ट्रॅक्टर विसरू नका. नियम १२० मध्ये शेतीच्या ट्रॅक्टरचा स्पष्ट उल्लेख आहे. गळीत हंगामात रात्री-बेरात्री दोन ट्रेलर ओढत, उघड्या नळीनं आणि त्यावर स्पीकर लावून जाणारे ट्रॅक्टर आमच्या गावांतून जातात. त्यांना कुणी अडवत नाही, कारण ते कारखान्याचे. कॉलेजच्या पोरांनाच धरलंत तर लोक हसतील, आणि त्यांचं हसणं योग्य असेल.

दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तपासणी कुठून सुरू करायची असा प्रश्न पडला तर तिथूनच करा, आधी दवाखान्यापासून.

पोरांना एकच सांगणं. ज्यांना खरोखर गाडीची ताकद वाढवायची आहे, त्यांनी आधी टायरची हवा, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि क्लच बघावा. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर वेळच्या वेळी बदलला तरी गाडी मोकळी होते. विम्याचे कागदही वाचा. न सांगता केलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या वेळी तुमच्याच अंगावर येतो.

साहेब, हे पत्र छापून आल्यावर पहिली तपासणी माझ्याच गॅरेजात करावी अशी विनंती आहे. मीटर आणा. गाड्या उभ्या आहेत, पिट मोकळा आहे.

आपला नम्र,
निपाणी-मुधोळ रस्त्यावरचा एक गॅरेजवाला, चिकोडी